अंगावर काय घातलंय?

यवतमाळला एका मंगल कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. खाली लग्नं लागायची आणि वर आम्ही साठ जण कानाला हेडफोन लावून इंग्लंडमधल्या लोकांशी बोलायचो. खाली बँड सुरू झाला की आमच्या सुपरवायझरचा जीव खालीवर व्हायचा. आपण कुठे बसून बोलतोय हे तिकडच्या माणसाला कळता कामा नये, असा नियम होता. म्हणून खिडक्यांना आतून गाद्या बांधल्या होत्या. मंगल कार्यालयाच्याच जुन्या गाद्या. पाहुण्यांच्या डोक्याच्या तेलाचे डाग त्यांच्यावर तसेच होते आणि उन्हाळ्यात तो वास हॉलभर पसरायचा.

ते सगळं संपून बरेच दिवस झाले. घरचे म्हणतात, किती दिवस तेच धरून बसशील. मी धरून बसले आहे.

मी राळेगावजवळच्या एका खेड्यातली. वडील शिंपी. राळेगावात स्टँडजवळ एका टपरीत मशीन टाकून बसायचे. आई लोकांच्या वावरात कापूस वेचायला जायची. इंग्रजी घेऊन बी. ए. झालेली मी आमच्या घरातली पहिली, आणि त्या इंग्रजीचं काय करायचं हे घरात कोणालाच ठाऊक नव्हतं. मग कोणीतरी सांगितलं की यवतमाळला विलायतेची कंपनी आली आहे. नागपूर महाग पडायला लागलं म्हणून ते छोट्या गावात आले होते, हे मला नंतर कळलं. आम्हाला वाटलं, आमचं नशीब उघडलं.

इंटरव्ह्यूला नागपूरचे एक सर होते. त्यांनी माझ्याकडून ‘वॉटर’ हा एक शब्द वीस वेळा म्हणवून घेतला. विसाव्यांदा मान हलवली आणि म्हणाले, निवड झाली. आमच्या गावच्या विहारात वडिलांनी खीर वाटली. जयभीम घालता घालता लोक मला म्हणायचे, “पोट्टी आता विलायतेशी बोलते म्हणे.” वडिलांचा ऊर भरून यायचा. माझाही यायचा, ते कशाला लपवू?

कामाचं स्वरूप असं. तिकडे प्रत्येक घरात गॅसवर चालणारं एक यंत्र असतं. त्यात पाणी तापतं, ते नळ्यांमधून घरभर फिरतं आणि घर ऊबदार राहतं. ते यंत्र बंद पडलं की लोक कंपनीला फोन लावायचे. तो फोन आता यवतमाळला वाजणार होता. मी रुजू झाले तो मे महिना. बाहेर डांबर वितळत होतं, आमच्या भाड्याच्या खोलीत आठ-आठ दिवस नळाला पाणी नसायचं, दोन बादल्या आम्ही तिघी पुरवून पुरवून वापरायचो. आणि मी ऑफिसात शिकत होते, “तुमच्या घरी गरम पाणी नाही याचं मला फार वाईट वाटतं,” हे वाक्य कुठल्या शब्दावर जोर देऊन म्हणायचं.

शिकवणाऱ्या बाई तिकडूनच शिकवायच्या. भिंतीवरच्या मोठ्या स्क्रीनवर त्या दिसायच्या. साठीच्या आसपासच्या, आखूड पांढरे केस, चष्म्याला दोरी, समोर चहाचा मोठा कप. या कामात त्यांना सव्वीस वर्षं झाली होती. आम्ही अकरा जण त्यांच्यापुढे सहा आठवडे बसलो.

मी आयुष्यात बरेच मास्तर पाहिले. असं शिकवणारं माणूस पाहिलं नाही. यंत्राचं काय बिघडलं हे त्यांनी दोन दिवसांत शिकवलं. बाकी सगळे दिवस माणूस कसं ऐकायचं ते शिकवलं. एकदा म्हणाल्या, “म्हातारी माणसं तुम्हाला खोटं सांगतील. ती म्हणतील, मला चालतं, घाई नाही. त्यांना दुसऱ्याला त्रास द्यायची लाज वाटते. म्हणून थंडी वाजते का असं विचारू नका. विचारा, आत्ता अंगावर काय घातलंय? घरात बसलेला माणूस कोट म्हणाला, तर त्याच दिवशी दुरुस्तीवाला गेला पाहिजे. मग साहेब काय म्हणतो ते नंतर बघू.”

मी ते वहीत मराठीत लिहून घेतलं.

माझी रूममेट माझ्या शेजारी बसायची. ती दारव्ह्याजवळच्या बंजारा तांड्यावरची. घरी गोरबोली, शाळेत मराठी, यवतमाळच्या बाजारात हिंदी, आणि आता हे. आईशी फोनवर बोलताना तिच्या तोंडून ‘याडी’, म्हणजे आई, असं निघालं की मी ऐकत राहायची. तीन बहिणींत ती थोरली, आणि बोलायला माझ्यापेक्षा चार पट धीट. एक दिवस बाईंनी विचारलं, तुमच्याकडे काय पिकतं? तिने सांगितलं, कापूस. चहूकडे कापूसच.

बाईंनी कप खाली ठेवला. म्हणाल्या, “माझी आजी आमच्या गावातल्या कापडगिरणीत होती. कापूस कुठून यायचा ते आम्ही कधी विचारलं नाही.”

“मग गिरणी?” रूममेटने विचारलं.

“बंद पडली. मी लहान होते. दुसऱ्या देशांत स्वस्तात व्हायला लागलं ना.” असं म्हणून त्या हसल्या आणि हसता हसता त्यांनी मान दुसरीकडे वळवली. मला वाटलं, आजीची आठवण आली असेल.

सहाव्या आठवड्यातला गुरुवार होता. आमच्यातल्या एकाने सहज विचारलं, “मॅडम, पुढच्या महिन्यात काही अडलं तर तुम्हालाच विचारायचं ना?”

“पुढच्या महिन्यात मी इथे नसेन.”

आम्ही टाळ्या वाजवल्या. खरोखर वाजवल्या. नागपूरच्या सरांनी आम्हाला सांगितलं होतं की मॅडमना मोठी जागा मिळणार आहे, म्हणून त्यांचं काम आपल्याकडे येतंय. रूममेट तर ओरडलीच, “अभिनंदन, मॅडम!”

बाईंनी चष्मा काढला. दोरीला तो छातीवर लोंबत राहिला. “तुम्हाला सांगितलेलं नाही,” त्या हळू म्हणाल्या. “आमच्या ऑफिसात चाळीस जणी होत्या. आता आम्ही तीन उरलो. उद्या आमचा शेवटचा दिवस. सोमवारपासून तुम्ही.”

सर मागे उभे होते. ते धावतच पुढे आले आणि त्यांनी स्क्रीनची वायर उपटली. “नेट गया,” ते म्हणाले. आमच्या डोळ्यांदेखत त्यांच्या हातात ती वायर होती. ती हातात धरून ते म्हणत होते, नेट गया.

आणि आम्ही अकरा पदवीधर काही बोललो नाही. त्यांच्या आधी हा राग मला आमच्यावर येतो.

शुक्रवारी बाई आल्या तेव्हा त्यांच्या शेजारी एक कोट-टायवाला बसवला होता. कागद वाचल्यासारखं शिकवणं चाललं होतं. शेवटी, काही प्रश्न? मी हात वर केला. विचारलं, “मॅडम, तुम्हाला माहीत होतं. मग आम्हाला इतकं चांगलं का शिकवलंत?”

कोट-टायवाल्याने त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. “शिकवलं नसतं तर जाताना कंपनी जे पैसे देणार आहे ते दिले नसते, हे एक,” त्या म्हणाल्या. “आणि फोन करणारी माणसं माझी आहेत. सव्वीस वर्षं मी त्यांच्याशी बोलले. कंपनीने माझं काहीही करो, ती माणसं गारठून मरायला नकोत.”

दिवाळीला गावी गेले तेव्हा आईला हे सगळं सांगितलं. ती सरकी वेगळी करत बसली होती. ऐकून घेतलं आणि म्हणाली, “आमच्या वावरात बी असंच होते. आम्ही भाव वाढवून मागतला का ठेकेदार दुसऱ्या गावच्या बाया आणते. मंग आम्ही त्या बायाईले शिव्या देतो. बांधावर उभं राहून देतो. ठेकेदाराले कोणी काई म्हणत नाई.”

“मंग तुमी काहून म्हणत नाई?”

“उद्या त्याच्याच गाडीत बसून जा लागते ना वं.”

मीही त्याच गाडीत बसले. बाई गेल्या त्याच्या पुढच्या सोमवारी फोन सुरू झाले आणि पहिल्याच आठवड्यात मला कळलं की बांधावरच्या शिव्या कशा लागतात. मला एक तिकडचं नाव दिलं होतं, ते सांगून मी बोलायला लागायची. दुसऱ्या वाक्याला पलीकडचा ओळखायचा. कोणी म्हणायचं, तुमच्या देशात परत जा. मी माझ्याच देशात, खालच्या पंगतीतल्या वरणाचा वास घेत बसलेली असायची. एक बाई म्हणाली, माझ्या बहिणीची खुर्ची तू खाल्लीस. नियम असा होता की शिवी आली तरी “मी समजू शकते” म्हणायचं. मी दिवसातून पन्नास वेळा म्हणायची. त्या बहिणीवाल्या बाईला म्हटलं तेव्हा मात्र ते खरं होतं, आणि ते खरं आहे हे सांगायची परवानगी मला नव्हती.

तरी मी ‘अंगावर काय घातलंय’ हे विचारत होते. रूममेटही विचारायची. पहिल्या हिवाळ्यात आम्ही कितीतरी घरी त्याच दिवशी माणूस पाठवला. मग दुसऱ्या उन्हाळ्यात नवे नियम आले. फोन सहा मिनिटांत संपला पाहिजे. त्याच दिवशी माणूस पाठवायचा तर घरात तान्हं मूल पाहिजे, नाहीतर डॉक्टरचा कागद पाहिजे. आणि सुपरवायझरने सगळ्यांना उभं करून सांगितलं, तो कपड्यांचा प्रश्न बंद. त्यात वेळ जातो. शिवाय लोक कोट म्हणाले आणि आपण माणूस पाठवला नाही, तर ते रेकॉर्डिंगमध्ये राहतं.

हे शेवटचं कारण त्याने किती सहज सांगितलं! जसं काही पाऊस येणार आहे, छत्री घ्या.

जानेवारीत दुपारी एका म्हाताऱ्याचा फोन आला. आवाज संथ, शब्द नीट निवडून बोलणारा. एकटेच राहत होते. यंत्र दोन दिवसांपासून बंद होतं. “घाई नाही बरं का,” ते म्हणाले, “तुम्हाला अजून खूप लोक असतील.”

घड्याळात चार मिनिटं झाली होती. मी विचारलं, “आत्ता अंगावर काय घातलंय?”

ते हसले. “कोट. आणि त्याच्यावरून माझ्या बायकोचा कोट. ती असती तर मला हसली असती.”

सुपरवायझर माझा फोन ऐकत होता. माझ्या स्क्रीनवर त्याची ओळ उमटली, फोन संपवा. मी त्या आजोबांना जरा थांबायला सांगितलं आणि उठून त्याच्या टेबलाशी गेले. “सर, यांच्याकडे आजच माणूस पाठवा लागते.”

“कागद आहे डॉक्टरचा?”

“नाही.”

“लहान बाळ?”

“ते ऐंशीच्या वरचे आहेत, सर.”

“मग तीन दिवसांनंतरची तारीख द्या. अन जागेवर बसा.”

मी जागेवर बसले. तीन दिवसांनंतरची तारीख दिली. बटण माझ्या बोटाने दाबलं. आजोबांनी विचारलं, “तुमचं नाव काय म्हणालात? लिहून ठेवतो. तुम्ही प्रेमाने बोललात.” मी ते तिकडचं नाव सांगितलं. त्यांनी एकेक अक्षर विचारून लिहून घेतलं.

त्या दिवशी मी उठून ओरडायला पाहिजे होतं. त्यांना सांगायला पाहिजे होतं की बाबा, शेजाऱ्यांकडे जाऊन बसा. तेवढंही मला सुचलं नाही. पुढचा फोन आला होता.

सहा दिवसांनी सुपरवायझरने एक फोन माझ्याकडे वळवला. तक्रार होती आणि त्या बाई माझंच नाव मागत होत्या, म्हणजे ते खोटं नाव. त्या आजोबांची मुलगी होती. दुसऱ्या गावी राहायची. तिने सांगितलं, दुरुस्तीवाला यायच्या आदल्या सकाळी शेजाऱ्याने त्यांना स्वयंपाकघराच्या फरशीवर पडलेलं पाहिलं. दवाखान्यात आहेत. छाती भरली आहे, माणसं ओळखत नाहीत. टेलिफोनजवळच्या वहीत त्यांनी माझं नाव लिहून ठेवलं होतं, खाली रेघ मारून.

ती रडत नव्हती. फार जपून बोलत होती. “काल तुमच्या ऑफिसातून मला सांगितलं गेलं की बाबांनी स्वतःच घाई नाही म्हटलं, आणि थंडी वाजते असं ते बोललेच नाहीत. मला फक्त एवढं कळू द्या. हे खरं आहे का?”

माझ्या स्क्रीनवर ओळ आली. हो म्हणा. मग दुसरी आली. घाई नाही असं ते म्हणाले होते, एवढंच सांगा.

मी कीबोर्डवरून हात काढून मांडीवर ठेवले. म्हटलं, “ते घाई नाही म्हणाले हे खरं आहे. पण मी त्यांना विचारलं होतं, अंगावर काय घातलंय. ते म्हणाले, कोट, आणि त्याच्यावर माझ्या बायकोचा कोट. मी त्याच दिवशी माणूस मागितला. मला पाठवू दिला नाही. तारीख मीच दिली, माझी चूक आहे. हे सगळे फोन रेकॉर्ड होतात. तुम्ही त्या फोनची टेप मागा. लेखी मागा. दिवस आणि वेळ लिहून घ्या.” मी दिवस आणि वेळ सांगितली. “आणि ते नाव माझं नाही. माझं खरं नाव लिहून घ्या.” तेही सांगितलं.

मग ती म्हणाली, “तुमचं नाव पुन्हा सांगा. अक्षरं सांगा.”

मी चार अक्षरं सांगितली आणि फोन कापला गेला.

नागपूरचे सर तेव्हा यवतमाळलाच होते. त्यांनी मला काचेच्या खोलीत बोलावलं. “आपने कंपनी को बेच दिया,” ते म्हणाले. “साठ लोगों की रोटी पर लात मारी आपने.”

मला हिंदीत भांडता येतं, पण मी मराठीत बोलले. “सर, त्या चाळीस बायांची भाकर कोणी काढली? मॅडमले मोठी जागा भेटली म्हणून तुमीच सांगतलं होतं ना आमाले? वायर तुमच्याच हातात होती. अन आज त्या म्हाताऱ्याच्या पोरीशी खोटं बोलाले माह्यं तोंड पाहिजे तुमाले? तुमचं काहून नाई वापरत?”

सगळा हॉल ऐकत होता. हेडफोन कानावर, पण बोटं थांबलेली. मी काचेतून रूममेटकडे पाहिलं. तिने खाली पाहिलं. माझं कार्ड काढून घेतलं आणि दहा मिनिटांत मी जिन्यात होते.

खाली लग्न होतं. पंगत बसली होती. मी दाराशी उभी राहिले तर एका पोक्त बाईने मला हाताला धरून बसवलं, “उभी कायले राह्यते, बस.” मला मुलीकडची समजली असेल. मी बसले. भात-वरण, वांग्याची भाजी, जिलबी वाढली. मी सगळं जेवले, दुसऱ्यांदा वरण घेतलं, आणि रागाने माझे दात अन्नावर वाजत होते. वरच्या मजल्यावर माझी खुर्ची अजून गरम असेल आणि तिच्यावर कोणीतरी बसलंही असेल.

घरी वडिलांनी मशीन थांबवून सगळं ऐकलं. “काहून बोलली तू?” ते म्हणाले. “दोन शब्द गिळले असते तं काय झालं असतं?” मी म्हटलं, मंग मी राह्यली असती, बाबा, बाकी काई नाई. ते महिनाभर माझ्याशी कामापुरतंच बोलले. त्यांना लोकांना काय सांगायचं हा प्रश्न होता. खीर गावाने खाल्ली होती.

आईने वेगळंच विचारलं. “म्हातारा जगला का?”

“माहीत नाई.”

“मंग इचार ना.”

“कशी इचारू? नंबर त्यायच्या कंपुटरमधी. माह्याजवळ काई नाई.”

रोज त्या लोकांशी बोलणाऱ्या मुलीला एका माणसाची खुशाली विचारता येत नाही, हे आईच्या डोक्यात शिरेना. माझ्याही शिरत नाही. मी कंपनीच्या तिकडच्या पत्त्यावर दोनदा पत्र पाठवलं. एकाचंही उत्तर नाही.

राळेगावात वडिलांच्या टपरीच्या मागे एक खोली घेऊन मी मुलींना इंग्रजी शिकवायला लागले. दीड-एक वर्षाने कळलं की यवतमाळचं ऑफिस बंद झालं. काम आणखी कुठल्या स्वस्त देशात गेलं, आणि फोन आधी मशीन उचलतं. वरचा मजला पुन्हा लग्नवाल्यांनी घेतला. साठ जण एका शनिवारी घरी. ज्या दुकानदारांनी कंपनीची नोकरी पाहून उधारीवर मोबाईल दिले होते, ते म्हणे गेटवर येऊन उभे होते. आमच्या जिल्ह्यात जिनिंग बंद पडलं, सूतगिरणी बंद पडली, तर निदान मोर्चा निघतो. हे बंद झालं तेव्हा कोणी विचारलंही नाही, कारण हे चालू होतं हेच लपवून ठेवलेलं होतं.

त्यानंतर एकदा एका नातेवाइकाकडे कामासाठी दारव्ह्याला गेले. बाजाराचा दिवस होता. जीपमधून उतरले आणि समोर रूममेट. हातात भाजीची पिशवी. ज्या दिवशी तिने मान खाली घातली त्या दिवसानंतर आम्ही बोललो नव्हतो.

“बंद झालं,” ती म्हणाली.

“ऐकलं.”

“काम तिकडं जाचे आधी मले सहा हप्ते बसवलं स्क्रीनपुढं. पलीकडं बारा जणी होत्या, नव्या. आपल्यासारख्याच. ‘मॅम, मॅम’ करत होत्या.”

मी विचारलं, “त्यांना सांगितलंस का? पुढं काय होणार ते?”

“नाई.”

“मग शिकवलंस काय?”

तिने माझ्या डोळ्यांत पाहिलं. “काईच नाई शिकवलं. मुद्दाम. जे इचारलं त्याले यस म्हटलं. बटणं दाखवली अन बसली. माह्यं काम घेऊन राह्यल्या, अन मी त्याहीले चांगलं शिकवू?”

“अगं, त्या पोरींचं सोड. फोन करणाऱ्या म्हाताऱ्या माणसांचं काय?”

“मले नको सांगू म्हाताऱ्याचं!” ती एवढ्या जोरात ओरडली की भाजीवाली वळून पाहायला लागली. “तू बोलून निघून गेली. तुह्या मागं आमचं काय झालं ते तुले माहीत हाय? आमचे सगळे फोन दोघं-दोघं ऐकाले लागले. पाणी प्याले उठलं तरी लिहून घेत. माह्या दोन बहिणी शिकून राह्यल्या होत्या. मले बी दिसत होता ना तो म्हातारा. मी नाई बोलू शकत होती. तुह्या घरी मशीन हाय, माय कमावते. माह्या घरी मीच होती.”

मीही ओरडले. काय ओरडले ते सगळं आठवत नाही. तू मान खाली घातलीस, हे मात्र म्हटलं. भर बाजारात आम्ही दोघी एकमेकींच्या अंगावर धावून जायच्याच बाकी होतो. आणि आमचा तो तिकडचा मालक, ज्याचं तोंडही आम्ही कधी पाहिलं नाही, त्या वेळी कुठे बसून काय करत असेल कोण जाणे.

दोघी दमलो तेव्हा ती पिशवी खाली ठेवून एका दुकानाच्या पायरीवर बसली. मग म्हणाली, “त्याच्या पोरीनं टेप मागतली होती. वकिलाचा कागद आला होता. सर दोन दिवस जेवले नाई.”

“मग? दिली का टेप?”

“द्याच लागली असंन. मले कोण सांगते? पण सरांचं तोंड पाह्यासारखं झालं होतं.”

“आणि तो म्हातारा?”

“नाई माहीत.”

मी तिच्या शेजारी बसले. तिने विचारलं, मी काय करते. क्लासचं सांगितलं. किती पोरी आहेत विचारलं. मी म्हटलं चौदा, आणि व्याकरण शिकवायचा मला कंटाळा येतो. ती म्हणाली, तिला व्याकरण आवडतं. मग मीच म्हटलं, सोमवारी ये.

ती आली. आठवड्यातले तीन दिवस दारव्ह्याहून यवतमाळ, कळंब करत येते, तीन दिवस माझ्याच घरी राहते. आई तिच्यासाठी वेगळी भाकर टाकते. मुलींना कुठल्या नोकऱ्यांसाठी तयार करायचं यावरून आमचं भांडण होतं. त्या बारा जणींना तिने शिकवलं नाही, याबद्दल मी तिला माफ केलेलं नाही. आणि सगळ्यांना मागे ठेवून मी एकटीच बोलून मोकळी झाले, याबद्दल तिने मला माफ केलेलं नाही. मागच्या मंगळवारी एका मुलीने विचारलं की दुसरी एक कंपनी यवतमाळला येणार आहे म्हणतात, अर्ज करू का. आम्ही दोघी एकदमच बोलायला लागलो, वेगवेगळं बोलत होतो, आणि ती मुलगी आळीपाळीने आमच्या तोंडाकडे पाहत बसली होती.